उजवीकडचं पाणी

गुरुवार, ६ एप्रिल १९८९

आज पिल्लं आली. चारशे, आणि वाटेत मरतील म्हणून वर आठ. वाटेत एकही मेलं नाही, त्यामुळे चारशे आठ झाली. खोका उघडला की आधी ऊब येते आणि मग आवाज. कालपर्यंत अंड्यात असलेला जीव आज माझ्या बोटाला चोच मारून विचारतो, खायला काय आहे? कारखान्याच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढली, रंगाच्या हजारो बाटल्या हलवल्या, पण असलं काही एकाही बाटलीतून निघालं नाही.

डॉक्टर पावसकर म्हणाले, यंदा सगळं लिहून ठेव. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले गुरांचे डॉक्टर, कुळगावातच राहतात. म्हणून ही वही.

गेल्या वर्षीचंही लिहितो, म्हणजे विसरायला नको. १९ मे, दुपारी बारा ते पाच. पाचशेतल्या तीनशे बारा मेल्या. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी फक्त बघत होतो.

सुनेत्रा, माझी बायको, अंबरनाथला पोस्टात आहे. ती भांडत नाही, निकाल देते. काल म्हणाली, "हा एक उन्हाळा बघू. पुन्हा तसंच झालं तर शेड मोडायची आणि माझ्या दादाकडे वापीला जायचं. त्याच्या कंपनीत तुमच्यासाठी जागा आहे." जागा म्हणजे पुन्हा बाटल्या. मी हो म्हणालो. नाही म्हणून सांगतो कुणाला?

रविवार, १६ एप्रिल

डॉक्टर आले होते. जांभूळ रस्त्याने सायकल मारत, डोक्यावर ओला पंचा. त्यांनी आज जे सांगितलं ते ऐकून माझी झोप उडणार.

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच एक्केचाळीस अंश. आपल्याला एवढा ताप चढला तर घरचे रडायला बसतील, ती त्यात दाणे टिपत असते. तिला घाम येत नाही. सगळी उष्णता तोंड उघडून श्वासावाटे बाहेर टाकायची. बाहेरची हवाच एक्केचाळीसवर गेली की टाकणार कुठे?

पुढचं तर त्याहून. क जीवनसत्त्व. आपण लिंबू खातो, आवळा खातो, कारण आपल्या शरीराला ते बनवता येत नाही. कोंबडी स्वतःचं स्वतः बनवते, मूत्रपिंडात. म्हणजे माणसाला जमलं नाही ते या बावळट पाखराला जमतं! फक्त उन्हाच्या तडाख्यात तिला जास्त लागतं, आणि बनवणं मात्र कमी पडतं. तेव्हा बाहेरून द्यायचं. पावडर मिळते, पाण्यात घालायची.

"मग सगळ्यांना देतो," मी म्हणालो.

"देऊ नकोस. अर्ध्यांना दे. सगळ्यांना दिलीस आणि वाचल्या, तर पावडरने वाचल्या की तू छपरावर पेंढा टाकलास म्हणून वाचल्या, ते कसं कळणार? एकच शेड, एकच खाद्य, एकच ऊन. फरक फक्त पाण्यात."

हे मला पटलं. प्रयोगशाळेत आम्हीही एक नळी काही न घालता तशीच ठेवायचो.

सोमवार, १७ एप्रिल

उल्हासनगरला जाऊन पावडरचा डबा आणला. कॅम्प तीनचे लछमनदास खाद्याचे मोठे व्यापारी. डबा देताना म्हणाले, "साईं, गर्मी में मुर्गी मरती है, ये ऊपरवाले का काम है. डब्बे से क्या होगा?" मी म्हटलं, मग विकता कशाला? तर म्हणाले, "तुम्हारे जैसे पढ़े-लिखे आते हैं, इसलिए." आणि वर चहा पाजला.

मंगळवार, १८ एप्रिल

शेडच्या मधोमध जाळी लावली. डावीकडे दोनशे चार, उजवीकडे दोनशे चार. निळा ड्रम डावीकडच्यांचा, पावडर घातलेला. काळा ड्रम उजवीकडच्यांचा, साधं पाणी. चाखून बघितलं. निळ्यातलं आंबटगोड लागतं, पावडरमध्ये ग्लुकोजही आहे.

पाणी भरायचं काम आईचं. मी पहाटे ड्रम तयार करून ठेवतो आणि भाताचं तूस आणायला, नाहीतर खाद्य आणायला बाहेर पडतो. आई भांडी धुते, भरते. सगळं नीट समजावून सांगितलं, तर ती जाळीकडे बघत राहिली.

"एका छपराखाली दोन पाणी?"

"प्रयोग आहे, आई."

"आन् ह्या बाजूच्यांनी काय वाईट केलं?"

"काही नाही केलं. कुणाला तरी साधं द्यावंच लागतं, त्याशिवाय कळत नाही."

"जाळीतून दिसतंय की त्यांना."

मी हसलो. म्हटलं, कोंबड्यांना काय कळतंय? ती भांडी घासायला बसली. आई शाळेत गेलेली नाही. तिला नियंत्रित गट वगैरे समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण सांगितलेलं काम चोख करते, त्यात शंका नाही.

गुरुवार, २७ एप्रिल

तीन आठवड्यांत पिवळी लव जाऊन पांढरी पिसं आली. रोज सकाळी बघतो आणि रोज चकित होतो. मुठीत मावत होतं ते आता ओंजळीत मावत नाही. खातात मका आणि सोयाबीनची पेंड, आणि त्यातून नखं, चोच, डोळा, डोळ्यावरची पापणी, सगळं नेमकं होतं. डोळ्याचा मका चुकून पायात जात नाही.

दुपारी शेडमध्ये छत्तीस अंश. दोन्ही बाजू ठीक.

निळ्या ड्रमला मुंग्या लागल्यात, ग्लुकोजमुळे असणार. काळ्यालाही लागल्यात. मुंग्यांचं काय, वाट फुटेल तिकडे जातात. दोन्ही ड्रमांच्या बुडाशी राख टाकली.

बुधवार, ३ मे

एकोणचाळीस. आज दुपारी दोन वाजता शेडच्या दारात उभा होतो. चारशे चोची उघड्या, चारशे गळे एकाच वेळी धडधडतायत. पंख अंगापासून लांब धरलेले. एक अख्खी शेड श्वास घेत होती. मला आत पाऊल टाकवेना. आपण देवबिव मानत नाही, पण विहारात शिरताना जसा आवाज आपोआप खाली येतो तसा आला.

गोणपाटं भिजवून चारी बाजूंनी टांगली. अकरा ते चार खाद्य बंद. डावीकडे एक मेली, उजवीकडे शून्य.

उजवीकडे शून्य?

मंगळवार, ९ मे

एक्केचाळीस. ज्याची धास्ती होती तो आकडा आला. दिवसभर हललो नाही. संध्याकाळी मोजलं: डावीकडे एक, उजवीकडे एक. प्रयोग सुरू झाल्यापासून एकूण डावीकडे तीन आणि उजवीकडे दोन.

वाचल्या याचा आनंद व्हायला हवा, तो आहेच. सुनेत्राने तर आज गोड केलं. पण पावडर घेतलेल्या तीन आणि न घेतलेल्या दोन! म्हणजे काम केलं ते पेंढ्याने आणि गोणपाटाने. लछमनदास बरोबर आणि मी पढ़ा-लिखा. आईला म्हटलं, "तुझ्या उजवीकडच्या भारी निघाल्या. साध्या पाण्यावर टिकल्या." ती पोळी उलटत होती. म्हणाली, "टिकल्या न्हवं? मग झालं."

बुधवार, १० मे

डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी ती उलटसुलट वाचली. "असं व्हायला नको होतं," दोनदा म्हणाले. पाणी कोण भरतं विचारलं. आई, म्हटलं. चूक होत नसेल ना? मी जरा रागावूनच म्हटलं, माझी आई निळं-काळं ओळखते.

उद्यापासून पावडर बंद करू का विचारलं. "महिना पुरा कर. खरा उन्हाळा अजून यायचाय."

गुरुवार, ११ मे

वेणूचे दिवस भरले. माझी धाकटी बहीण, शहाडला दिलेली. तिचा नवरा सकाळीच आईला न्यायला आला. आई निघता निघता तीनदा शेडकडे वळली. तिसऱ्यांदा म्हणाली, "सुदाम, पाण्याकडं बघ रं."

"बघतो गं. तू वेणूकडे बघ."

"सगळ्यांच्याच पाण्याकडं बघ."

म्हातारपणी माणूस एकच गोष्ट किती वेळा सांगतं.

सोमवार, १५ मे

आई नाही, पाणी मीच भरतो. चार दिवस झाले. वाकून वाकून कंबर धरली. आई सत्तरीला आली, हे रोज कसं करत होती?

बेचाळीस. वारा पडलाय. उजवीकडच्या जरा मलूल वाटतात. माझ्या मनाचे खेळ असतील.

मंगळवार, १६ मे

आजचं आजच लिहितो.

अकरालाच एक्केचाळीस. बाराला बेचाळीस. एकला पारा त्रेचाळीसच्या रेघेवर. गोणपाटं भिजवून दहा मिनिटांत कोरडी. छपरावर पाणी मारलं, त्याची वाफ दिसली.

दीडच्या सुमाराला उजवीकडची पहिली पडली. मान लांब करून, एका बाजूला, अगदी शांत. मग दुसरी. मग एकदम पाच-सहा. डावीकडच्या धापा टाकत होत्या, पण उभ्या होत्या, पाण्यावर जात होत्या. मध्ये फक्त जाळी. मी कधी डावीकडे बघे, कधी उजवीकडे. चिमूटभर पांढरी पूड. तेवढा एकच फरक, आणि एका बाजूला मरण येऊन जाळीशी थांबलं होतं. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मी थक्क होऊन बघत होतो. इतकी लख्ख गोष्ट मी आयुष्यात पाहिली नाही.

आणि हेही लिहितो. निळ्या ड्रममध्ये अर्ध्याच्या वर पाणी होतं. दोन वाजता मी बादली भरून उजवीकडच्या दारापर्यंत गेलो. मग विचार केला, आता दिलं तर मोजणी बिघडेल. महिनाभर केलेलं वाया जाईल. शिवाय आत्ता देऊन आत्ता थोडीच लागू पडणार? बादली खाली ठेवली.

चारनंतर वारा सुटला. डावीकडे सहा. उजवीकडे अठ्ठावन्न.

बुधवार, १७ मे

खड्डा खणून, चुना टाकून पुरल्या. डॉक्टर उन्हातान्हात आले. आकडे बघून माझा हात दाबला. "याला म्हणतात पुरावा." पण मग आधीचे तीन आठवडे दोन्हीकडे सारखंच कसं, हे त्यांनाही कळेना. मलाही कळत नाही.

सुनेत्रा संध्याकाळी शेडमध्ये आली. उजवी बाजू विरळ झालेली. मी निकालाची वाट बघत उभा. तिने डाव्या बाजूच्या मोजल्या, कानाकोपऱ्यातून, पुटपुटत. मग म्हणाली, "दादाला उद्या पत्र टाकते. तुम्ही येत नाही म्हणून." मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. शेडमध्ये खूप घाण होती.

गुरुवार, १८ मे

आई आली. वेणूला मुलगी झाली, दोघी ठणठणीत. पिशवी ओट्यावर ठेवून, पाणीही न पिता ती शेडकडे गेली. मी मागोमाग. सांगायला उतावीळ झालो होतो.

ती उजवीकडच्या दारात थांबली. "हितल्या बाकीच्या कुठं गेल्या?"

"मंगळवारी गेल्या. त्रेचाळीस होतं. पण आई, सिद्ध झालं! पावडर लागू पडते. डावीकडे फक्त सहा गेल्या."

ती तुसाच्या गोणीवर बसली.

"मी गेल्यावर ह्यांना नुसतंच पाणी दिलंस?"

"म्हणजे? तसंच ठरलं होतं ना?"

"मी न्हाय दिलं तसं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "रोज निळ्यातलं अर्धं काळ्यात ओतायची आन् काळ्यातलं निळ्यात. दोन्ही सारखं करायची, मग भरायची."

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर मी ओरडलो. आईवर मी असा कधी ओरडलो नव्हतो. सगळा प्रयोग नासवलास, डॉक्टरांपुढे तुझी खात्री दिली मी, तोंड दाखवायला जागा नाही, वाट्टेल ते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग बोलायला लागली. आवाज चढवला नाही.

"आमच्या गावची विहीर लई गोड पाण्याची. आमाला पायरी चढायची मनाई. दिस उगवल्यापासनं घागर घेऊन खाली बसायचं. कुनी वरचं आलं, त्याच्या मनात आलं, तर वतायचं लांबून. न्हायतर बसायचं. आठ वरसांची व्हते मी. चैताचं ऊन. वर पोहरा बुडाल्याला आवाज यायचा, पानी सांडल्याला दिसायचं, आन् जीभ टाळूला चिकटल्याली. तहान सोसती रं सुदाम. दुसऱ्याला पिताना बघणं न्हाय सोसत."

छप्पन्न साली आई नागपूरला जाऊन आली, ते तिने शंभरदा सांगितलंय. ही विहीर कधीच सांगितली नव्हती. मी पस्तीस वर्षांचा आहे आणि आईबद्दल मला आज कळतंय.

"कोंबड्या कापायलाच जाणार आहेत, आई," मी म्हणालो.

"कापायच्या त्या कापायच्याच. मला बी ठावं हाय. पर तवर पानी तरी एक असावं." मग तिने विचारलं, "तुला कळायला किती गेल्या?"

"अठ्ठावन्न."

"त्या पडत व्हत्या तवा निळ्यात पानी शिल्लक व्हतं?"

हो म्हणालो.

ती उठली आणि उरलेल्यांची भांडी भरायला घेतली. मीही घेतली.

शुक्रवार, १९ मे

अंबरनाथचे कारखाने आज बंद, हवा जरा स्वच्छ. डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. ते खुर्चीतून उठलेच.

"थांब. म्हणजे अठरा एप्रिल ते अकरा मे, दोन्हीकडे अर्धी मात्रा?"

"हो."

"आणि एक्केचाळीस अंशात, चारशे आठांत पाचच गेल्या?"

"हो."

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "अरे, डब्यावर जेवढी मात्रा लिहिलीय त्याच्या अर्धी देऊन काही उपयोग नाही, असं सगळी पुस्तकं म्हणतात. मीही अर्धी द्यायला सांगितली नसती." मग हळूच, "सगळ्यांना थोडं थोडं दिलं आणि सगळ्या तगल्या. तुझ्या आईने, बनूबाईंनी प्रयोग केला, सुदाम. आपण नुसते ड्रम रंगवले." एका वर्षावरून पक्कं म्हणता येणार नाही, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बघावं लागेल, हेही त्यांनी सांगितलंच. पण त्यांचा चेहरा एखाद्या पोराचा असावा तसा झाला होता. माझाही झाला असणार. चालत घरी आलो तर जांभूळ रस्त्यावरचं प्रत्येक झाड, प्रत्येक कावळा आत काहीतरी गुपचूप बनवत बसलाय असं वाटत होतं.

घरी येऊन आईला सांगितलं, डॉक्टर तुझं नाव घेत होते. ती म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, ऊन हाय, टोपी घालत जा."

शुक्रवार, २६ मे

काल माल उल्हासनगरला गेला. पिंजरे भरताना आई घरातच होती. शेड धुऊन चुना मारला.

आज दुपारी डॉक्टर एक छापील कागद घेऊन आले. पुढच्या आठवड्यात अंबरनाथला आसपासच्या कोंबडीवाल्यांची बैठक आहे, तिथे हा प्रयोग मांडायचा. प्रयोग कुणी केला तिथे मी आईचं नाव आधी लिहिलं, बनूबाई, मग माझं. डॉक्टरांनी मान डोलावली. अर्धी मात्रा, चोवीस दिवस, मरतूक पाच, हे सगळं निष्कर्षाच्या रकान्यात भरलं.

शेवटचा रकाना होता, प्रयोगात झालेल्या चुका. डॉक्टर म्हणाले, "इथे मात्र लिहावं लागेल. पाणी भरणाऱ्याने सूचना पाळल्या नाहीत. नाव नको घालूस."

मी पेन उघडलं. आई ओट्यावर बसून वेणूच्या मुलीचं झबलं शिवत होती. मग लिहिलं: १६ मे, दुपारी दोन ते चार. निळ्या ड्रममध्ये पाणी शिल्लक असून उजवीकडे दिलं नाही. सुदाम.

डॉक्टरांनी वाचलं. "अरे, यात चूक कुठे आहे? हा तर तू नियम पाळलास."

मी म्हणालो, "म्हणूनच त्या रकान्यात लिहिलंय."